वर्म्सचे डबे आणि ताईचं नाक

आमच्या दोघींच्या खोलीत कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात माझे डबे असतात, माशांच्या पिल्लांना खायला घालायला मी वाढवते त्या जिवंत मायक्रोवर्म्सचे. त्यात काय आहे हे ताईला पहिले पंचवीस दिवस माहीत नव्हतं, सव्विसाव्या दिवशी कळलं, आणि कळलं ते नाकाने. मी अंघोळ करून बाहेर आले तर ताई कपाटासमोर उकिडवी बसलेली, टीशर्टची कॉलर नाकावर ओढून, आणि म्हणते, "अगं ह्यात काहीतरी मेलंय." मी म्हटलं, मेलं नाहीये गं, उलट जिवंत आहे, लाखोंनी जिवंत आहे. हे उत्तर द्यायला नको होतं हे मला तिचं तोंड बघून कळलं.

डबा त्याच मिनिटाला खोलीबाहेर गेला आणि रात्री कचऱ्यात. इकडे माझ्याकडे बेटा ह्या शोभेच्या माशाची शंभरेक पिल्लं, पोहायला लागून जेमतेम आठवडा झालेली, आणि ह्या वयात त्यांना फक्त हलणारं खाणं दिसतं. समोर वळवळलं तर ते अन्न, नाहीतर ती धूळ. मी ड्राय फूडची पूड करून टाकून बघितली, ती तशीच खाली बसली, पाणी गढूळ झालं, आणि पिल्लं रोज थोडी थोडी कमी होत गेली. नवीन कल्चर (म्हणजे वर्म्स वाढत असलेला डबा) मिळून ते चालू होईपर्यंत निम्मी उरली होती. म्हणजे डब्याला वास येणं हा फक्त घरातल्यांच्या नाकाचा प्रश्न नाहीये, वास आला म्हणजे पुढच्या दोनचार दिवसांत तुमच्या माशांचं जेवण बंद होणार आहे ह्याची ती नोटीस असते, फक्त मला ती वाचता येत नव्हती.

तेव्हापासून आता दोन वर्षं होत आली, डबे त्याच कपाटात आहेत, ताई त्याच खोलीत झोपते. कसं जमवलं ते लिहितेय.

आधी हे वर्म म्हणजे नक्की कोण ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय वासाचं गणित सुटत नाही. मायक्रोवर्म ही अळी नाही, गांडूळ नाही, तो नेमॅटोड आहे, मराठीत सूत्रकृमी. नाव पॅनाग्रेलस रेडिव्हायव्हस. लांबी १ ते २ मिलिमीटर, जाडी साधारण आपल्या केसाएवढी. अंडी घालत नाही, मादी सरळ जिवंत पिल्लं देते आणि तीन-साडेतीन आठवड्यांच्या आयुष्यात शेकड्याने देते, म्हणून तर एका चमच्यातून आठवड्याभरात डबा भरतो. ह्याला पहिल्यांदा नाव दिलं लिनियसने, १७६७ मध्ये, आणि रेडिव्हायव्हस म्हणजे पुन्हा जिवंत झालेला. मला जास्त आवडते ती ह्याच्या पत्त्याची गोष्ट. पूर्वी पुस्तकं बांधणारे लोक पिठाची खळ वापरायचे, ती आंबली की तिच्यात हे सापडायचे, आणि जर्मनीत बिअरच्या ग्लासाखाली ज्या फेल्टच्या चकत्या ठेवायचे त्या बिअर सांडून सांडून ओल्या राहायच्या, त्यांच्यातही. म्हणजे आंबलेली खळ आणि सांडलेली बिअर. ह्यावरून ह्या प्राण्याला काय लागतं ते सगळं कळतं!

त्याला लागतं आंबणं. मायक्रोवर्म ओट्स खात नाही. ओट्सवर यीस्ट आणि बॅक्टेरिया वाढतात, त्यांना तो खातो. ओट्स हे त्याच्या जेवणाचं जेवण आहे. मी पहिल्या वेळी हे समजूनच घेतलं नव्हतं, मला वाटायचं वर्म्स कमी दिसतायत म्हणजे उपाशी आहेत, की टाक अजून दोन चमचे ओट्स, आणि वर झाकण घट्ट बंद, कारण वास बाहेर येऊ नये. म्हणजे मी सडायला माल पुरवत होते आणि हवा बंद करत होते, एवढं पद्धतशीर तर कुणी मुद्दाम सुद्धा करणार नाही.

हवा असेल तोवर डब्यात यीस्टचं राज्य असतं, आणि यीस्टचा वास वाईट नसतोच, ब्रेडच्या पिठासारखा, थोडा आंबूस, कधी बिअरसारखा. हवा संपली की खालच्या थरात दुसरीच मंडळी जागी होतात, ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही, आणि घाण वास ह्यांचा असतो. वर्म्सना स्वतःला वास नाही. चमचाभर वर्म्स स्वच्छ पाण्यात धुऊन हुंगून बघा (मी बघितलंय, ताईला सांगू नका), काही म्हणजे काही येत नाही.

वास पण एक नसतो. ब्रेडसारखा, ताकासारखा आंबूस असेल तर सगळं छान चाललंय. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झिणझिण्या आणणारा आला तर यीस्ट त्रासात आहे, बहुतेक उकडतंय किंवा हवा कमी पडतेय, झाकणाकडे बघा. ओकारीसारखा आंबट, जो नाकात जाऊन बसतो आणि जेवताना पण आठवतो, तो ब्युटिरिक ॲसिडचा, म्हणजे खालचा थर बिनहवेचा झालाय आणि आता डबा बदलायची वेळ तीन दिवसांपूर्वीच होऊन गेली. सडक्या अंड्यासारखा आला तर हायड्रोजन सल्फाइड, त्या डब्याला हात जोडा. आणि नाकाला झोंबणारा, लघवीसारखा अमोनियाचा वास मायक्रोवर्ममध्ये कमी येतो, ग्रिंडल ह्या दुसऱ्या, मोठ्या वर्ममध्ये जास्त, त्याचं कारण प्रोटीन, पुढे येईलच.

आता माझा डबा. ओट्स साधे, बिनसाखरेचे, बिनफ्लेवरचे, आणि दूध अजिबात नको, पाण्यातच शिजवायचे. पाणी कमी. चमचा उभा राहील इतपत घट्ट. नवीन माणूस इथेच चुकतो, खिरीसारखं पातळ करतो कारण वर्म्स पोहतील असं वाटतं, पण ते मिश्रण पुढच्या दोन आठवड्यांत आपोआप पातळ होणारच असतं, वर्म्स आणि यीस्ट मिळून ते पचवत जातात, म्हणून सुरुवात घट्टच पाहिजे. आणि थर एक सेंटिमीटर, फार तर दीड. हा एक सेंटिमीटर मला सगळ्यात उशिरा कळला. मी आधी चार बोटं जाड थर द्यायचे, जास्त ओट्स म्हणजे जास्त दिवस टिकेल ह्या हिशोबाने, पण हवा वरच्या थरातच जाते, वर्म्स पण वरच राहतात, खालचे तीन बोटं नुसते सडत बसतात. म्हणून खोल डब्यापेक्षा पसरट डबा बरा, आणि थराच्या वर भिंत मात्र तीनचार बोटं मोकळी पाहिजे, कारण भिंतीवरूनच तर आपण वर्म्स उचलणार.

पूर्ण थंड होऊ द्यायचं. कोमट चालेल ना, असं मला पण वाटलेलं, आणि मी एकदा अख्खा स्टार्टर (नवीन डबा सुरू करायला घेतलेला जुन्या कल्चरचा चमचा) वाफेत मारलाय. थंड झालं की वर चिमूटभर बेकिंगचं यीस्ट भुरभुरायचं, ढवळायचं नाही, आणि त्यावर चांगल्या चालू कल्चरचा एक चमचा पसरायचा. यीस्ट टाकायचं कारण असं की त्याला पहिल्या दिवसापासून पुढे पळू द्यायचं, एकदा त्याने जागा धरली आणि मिश्रण थोडं आंबट झालं की सडवणाऱ्या बऱ्याच बॅक्टेरियांना तिथे नीट वाढता येत नाही. यीस्टशिवाय पण कल्चर चालतं, पण मग कोण जिंकेल ते नशिबावर.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टॉर्च तिरका धरून बघा. आधी वाटतं पृष्ठभाग ओला आहे म्हणून चमकतोय, मग लक्षात येतं की चमक हलतेय. उन्हाने तापलेल्या रस्त्यावर हवा थरथरते ना, तसं अख्खं ओट्स थरथरत असतं. मग चौथ्या-पाचव्या दिवशी ते भिंत चढायला लागतात, आणि एकटे नाही चढत, घोळक्याने. एकमेकांना चिकटून त्यांच्या पांढऱ्या फांद्या तयार होतात, खिडकीच्या काचेवर थंडीत नक्षी येते तशा, आणि भिंगातून बघितलं तर प्रत्येक फांदीत शेकडो वर्म्स एका लयीत वळवळत वर सरकतायत आणि फांदीचं टोक सतत पुढे जातंय. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा तास जमिनीवर पालथी पडून बघत होते. ताईने विचारलं काय बघतेयस, म्हटलं काही नाही.

झाकणाचं प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं. भोकं पाहिजेतच. यीस्ट सारखा कार्बन डायऑक्साइड सोडत असतं, बंद डब्याचं झाकण फुगतं, माझं एकदा रात्री दीड वाजता फट्कन उडालं होतं. पण नुसती भोकं पाडली की चिलटं. आंबूस वास म्हणजे चिलटांसाठी आमंत्रण पत्रिका, एक मादी आत गेली की आठदहा दिवसांत डब्यात अळ्या आणि खोलीत ढग, आणि मग घरातले लोक वासाबद्दल बोलायचं सोडून चिलटांबद्दल बोलायला लागतात. मी झाकणात मोठं चौकोनी भोक कापते आणि त्यावर मेडिकलचा पांढरा पेपर टेप लावते, तो ज्याने जखमेवर कापूस चिकटवतात. हवा जाते, चिलट जात नाही. टेप ओला झाला की बदलायचा. काही जण फिल्टरचा स्पंज बूच म्हणून कोंबतात, तेही चालतं. झाकणाला आतून पाणी साचतं ते रोज पुसायचं, ते थेंब खाली पडून मिश्रण पातळ करतात आणि पातळ मिश्रणाच्या वर पाण्याचा पडदा बसला की हवा परत बंद. पाणी वर तरंगताना दिसलं तर डबा हळूच तिरका करून टिश्यूने टिपून घ्या, ढवळून मिसळू नका.

गरमीबद्दल. २० ते २८ अंश सेल्सिअसमध्ये हे खूश असतात. त्याच्या वर वाढ जोरात होते खरी पण डबा पण तितक्याच जोरात म्हातारा होतो, जो तीनचार आठवडे गेला असता तो दीड आठवड्यात आटोपतो. माझा पहिला डबा कपाटात जायच्या आधी आठवडाभर फ्रिजच्या डोक्यावर होता, उबदार जागा म्हणून. म्हणजे अजून एक चूक, मोजत बसू नका.

काढायचे कसे? भिंतीवरून, आणि फक्त भिंतीवरून. बोट फिरवा, इअरबड फिरवा, मी आइस्क्रीमची लाकडी काडी वापरते. टाकीत बुडवली की पांढरा धूर निघाल्यासारखे वर्म्स सुटतात आणि हळूहळू खाली बसतात, तळाशी जाऊन आठदहा तास वळवळत राहतात, बेटाची पिल्लं तळाशी डोकं खाली करून एकेक टिपतात, पोटं पांढरी दिसायला लागतात. पण काडीला ओट्सचा एक गोळा जरी लागला तरी तो टाकीत जाऊन सडतो, आणि मग डब्याचा वास टाकीला. पिल्लांच्या छोट्या टाकीत हे फार लवकर होतं. भिंतीवर कमी चढत असतील तर मिश्रणाच्या वर दोनतीन आडव्या काड्या ठेवून द्या, त्यावर चढतात, काडी उचलायची, पाण्यात हलवायची, परत ठेवायची.

भिंत चढणं म्हणजे तब्येत चांगली असं सगळीकडे सांगतात, ते बरोबर आहे पण अर्धं. सगळेच्या सगळे एकदम चढले, पार झाकणापर्यंत, टेपवर, भोकातून बाहेर यायला बघतायत, आणि खाली ओट्समध्ये थरथर दिसत नाही, तर ती वाढ नाहीये ती पळापळ आहे. खाली हवा संपलीय. मी असा डबा बघून एकदा खूश होऊन फोटो काढत बसले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे भिंतीवर सुकलेले.

म्हणून माझा नियम एकच, डबा मरायची वाट बघायची नाही. दर दहा-बारा दिवसांनी एक नवीन डबा, तीन डबे कायम फिरते, एक वाढतोय, एक ऐन भरात, एक उतरणीला. झाकणावर तारीख लिहिलेली पट्टी. तारखेशिवाय चालत नाही, आपल्याला वाटतं लक्षात राहील, नाही राहत, "हा गेल्या आठवड्यातला ना" म्हणून बघावं तर महिना झालेला असतो. आणि नवीन डब्याला स्टार्टर ऐन भरातल्या डब्यातून घ्यायचा, उतरणीच्या नाही. मी बरेच दिवस उलटं करायचे, चांगला डबा कशाला डिस्टर्ब करा म्हणून जुन्यातला चमचा घ्यायचे, आणि मग नवीन डबा आठवड्यातच वास मारायला लागला की ओट्सला शिव्या. चमच्याबरोबर वर्म्स जातात तसे त्या डब्यातले सडवणारे बॅक्टेरिया पण जातात की.

आणि असलेला एकच डबा वास मारायला लागला, दुसरा नाहीये, तर? टाकू नका, मी टाकला ती चूक होती. भिंतीवरचे वर्म्स तेवढे खरवडून एका उंच ग्लासात साध्या क्लोरीन नसलेल्या पाण्यात सोडा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, वर्म्स तळाशी पांढरे जमतात, वरचं गढूळ पाणी अलगद ओता, परत पाणी घाला, परत थांबा, परत ओता. दोनतीनदा केलं की खाली उरतात ते बऱ्यापैकी स्वच्छ वर्म्स, ते ड्रॉपरने उचलून ताज्या डब्यात, वर यीस्ट. ह्याने मी निदान चार वेळा कल्चर वाचवलंय. उरलेला जुना माल मातीत पुरून टाका किंवा पिशवीत घट्ट बांधून त्याच दिवशी घराबाहेर काढा, डबा कडक गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. सिंकमध्ये ओतू नका, एकदा ओतलं होतं, त्याची वेगळी पोस्ट होईल.

आता ग्रिंडल. पिल्लं महिन्याची झाली की मायक्रोवर्म म्हणजे त्यांना नुसतं तोंड हलवणं होतं, मग ग्रिंडल लागतात. हे गांडुळाच्या घराण्यातले, पांढरे, सेंटिमीटरभर किंवा त्याहून थोडे कमी, शास्त्रीय नाव एन्किट्रियस बुखहोल्झी. ग्रिंडल हे नाव स्वीडनमधल्या ग्रिंडल नावाच्या बाईंवरून पडलं, त्यांनी १९४० च्या दशकात व्हाइट वर्मच्या कल्चरमधून हे बारीक वर्म्स वेगळे काढून वाढवले असं सांगतात. व्हाइट वर्म म्हणजे ह्यांचा मोठा भाऊ, दोनतीन सेंटिमीटरचा, पण त्याला थंडावा लागतो, २० अंशांच्या खाली, कायम. मी नाही ठेवत. ग्रिंडलला नॉर्मल खोली चालते.

ग्रिंडल सगळे जण कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) वाढवतात, मीही वर्षभर वाढवले, आणि कोकोपीटचा प्रॉब्लेम असा की ते वास लपवतं. वरून सगळं छान दिसतं, खाली न खाल्लेलं खाणं दाबलं गेलेलं असतं, ते सडतं आणि एक दिवस अमोनियाचा भपका. ग्रिंडलला कोरडं कॅट फूड नाहीतर फिश फूड देतात, म्हणजे प्रोटीन, आणि प्रोटीन सडलं की अमोनिया येणारच. आता मी भांडी घासायच्या स्क्रबरवर वाढवते. नवीन, बिनसाबणाचे, जाळीदार स्क्रबर, दोन एकावर एक, डब्याच्या तळाला अर्धा सेंटिमीटर पाणी, वरच्या स्क्रबरवर प्लास्टिकच्या जाळीचा तुकडा आणि त्यावर खाणं. लपवायला जागाच नाही. आठवड्यातून एकदा खालचं पाणी ओतून नवीन घालायचं, ओतलेलं पाणी पिवळट आणि घाणेरडं असतं, आणि जो वास पूर्वी कोकोपीटमध्ये मुरायचा तो ह्या पाण्याबरोबर निघून जातो. बघायला काही सुंदर नाही पण स्वच्छ आहे.

खाण्याचा हिशोब सोपा, आज टाकलेलं उद्या ह्या वेळेपर्यंत संपलं पाहिजे. संपलं नाही तर उरलेलं चिमट्याने उचलून फेका आणि उद्या निम्मं द्या. सुरुवातीला दोन दाणे, खरंच दोन दाणे, पाण्यात भिजवून मऊ केलेले. कोरडे ठेवले तर वर्म्स पोचायच्या आधी बुरशी पोचते, एका रात्रीत त्यावर करडे केस उगवतात. बुरशीने वर्म्स मरत नाहीत, पण बुरशी दिसली म्हणजे तुम्ही त्यांच्या भुकेपेक्षा जास्त वाढताय.

खाण्यावर मी एक छोटी काच ठेवते. संध्याकाळी काच उचलली की खालच्या बाजूला वर्म्सचा गुंता चिकटलेला असतो, पांढऱ्या दोऱ्यांचा, मध्ये जिथे दाणा होता तिथे गोल मोकळी जागा आणि भोवती सगळ्यांची तोंडं आत, शेपट्या बाहेर. काच वाटीभर पाण्यात हलवली की सगळे सुटून खाली बसतात, पाणी एकदा बदलायचं म्हणजे त्यांच्याबरोबर आलेलं खाणं निघून जातं, मग ड्रॉपरने टाकीत. रोज नाही देत, आठवड्यातून दोनतीनदा, ह्यांच्यात चरबी भरपूर असते आणि बेटा हा प्राणी थांब म्हटलं तर थांबणारा नाही.

ग्रिंडलमधला खरा वैताग म्हणजे माइट्स. काचेवर बारीक पिवळट-तपकिरी ठिपके चालताना दिसले की ते आलेत. वर्म्सना सहसा खात नाहीत पण त्यांचं खाणं खातात, आणि एकदा आले की पाहुण्यांसारखे, जा म्हटलं तरी जात नाहीत. औषध मारायचं नाही, हे वर्म्स शेवटी माशाच्या पोटात जाणार आहेत. डबा काठोकाठ पाण्याने भरायचा. ग्रिंडल पाण्याखाली तासन् तास आरामात राहतात, माइट्स बरेचसे तरंगून वर येतात, वरचं पाणी झटकन ओतायचं. दोनतीन दिवस सलग केलं की आटोक्यात येतात, संपत नाहीत. काचेवर सारखं जम्पिंग करणारे पांढरे बारीक जीव दिसले तर ते स्प्रिंगटेल, त्यांना राहू द्या, बुरशी खातात.

ट्युबिफेक्स ह्या पाण्यातल्या लाल वर्म्सबद्दल बरेच जण विचारतात. मी ठेवत नाही, माझं मत वाईट आहे. ते नाल्याच्या गाळात वाढतात, डोकं चिखलात आणि शेपटी वर पाण्यात, शेपटीने श्वास घेतात, पाण्यात ऑक्सिजन जितका कमी तितकी शेपटी जास्त बाहेर. म्हणजे जिथे दुसरं कुणी जगत नाही तिथे हे मजेत, आणि येताना तिथला सगळा माल पोटात घेऊन येतात. ट्राउट माशांच्या व्हर्लिंग डिसीजचा परजीवी आधी ट्युबिफेक्समध्ये वाढतो हे १९८४ मध्ये कळलं, आपल्या टाकीत ट्राउट नसतात हे मान्य, पण मला मुद्दा पटायला तेवढं पुरलं. तरी ठेवायचेच असतील तर पसरट ट्रे, पाणी वर्म्सच्या वर जेमतेम बोटभर, जागा थंड, आणि पाणी रोज बदलायचं, शक्यतो सकाळ-संध्याकाळ. जिवंत गोळा लाल असतो आणि हात लावला की आक्रसतो. करडा पडलेला भाग मेलेला, तो लगेच काढा, कारण थोडे मेले की ते पाणी नासवतात, त्या पाण्याने आणखी मरतात, आणि सकाळचा लाल गोळा रात्रीपर्यंत करडी लापशी होते. त्या वासापुढे माझा सव्विसाव्या दिवसाचा डबा म्हणजे अत्तर. ब्लॅकवर्म हे तसेच पाण्यातले वर्म्स त्यामानाने सभ्य, तेही फ्रिजमध्ये, उथळ पाण्यात, रोज पाणी बदलून. फ्रिज हा शब्द मी घरात एकदाच काढला. विषय तिथेच संपला.

आणि माझ्यासारख्या विसरभोळ्या लोकांसाठी व्हिनेगर ईल. हाही नेमॅटोडच, मायक्रोवर्मपेक्षा बारीक. अर्धं सफरचंदाचं व्हिनेगर, अर्धं पाणी, सफरचंदाची एक फोड, चमचाभर स्टार्टर, बाटलीच्या तोंडाला फडकं आणि रबरबँड. झालं. सहा महिने बघू नका. वास फक्त व्हिनेगरचा, इतक्या आंबट जागी सडवणारं कुणी टिकतच नाही. काढायचं थोडं किचकट आहे, लांब मानेच्या बाटलीत कल्चर मानेपर्यंत भरायचं, मानेत फिल्टरच्या कापसाचा बोळा द्रवाला टेकेल असा अडकवायचा आणि त्याच्या वर साधं पाणी, मग ईल हवेकडे यायला कापसातून वर पाण्यात येतात, दुसऱ्या दिवशी वरचं पाणी ड्रॉपरने घ्यायचं. पाण्यात मायक्रोवर्मसारखे बुडत नाहीत, मधल्या थरात दिवसच्या दिवस पोहत राहतात, म्हणून पहिल्या तीनचार दिवसांच्या पिल्लांना हेच उत्तम. वाढ मात्र सावकाश, रोजचं जेवण म्हणून ह्यांच्यावर अवलंबून राहू नका, पण बाकी सगळे डबे एकाच आठवड्यात गेले तर ही बाटली कपाटाच्या कोपऱ्यात उभी असते. ती असती तर त्या वेळी माझी पिल्लं गेली नसती.

परवा सकाळी मी अजून अंथरुणातच होते, ताई कपडे काढायला कपाट उघडून उभी, आणि पाठमोरीच म्हणाली, "तुझा दोन नंबरचा डबा उतरलाय गं, ब्रेडचा वास गेला, आता नेलपॉलिशचा येतोय." मी म्हटलं शक्यच नाही, अकराच दिवस झालेत. उठून बघितलं तर टेप झाकणाच्या पाण्याने भिजून पारदर्शक झालेला, हवा बंद. टेप बदलला, झाकण पुसलं, वर तरंगणारं पाणी टिपलं, आणि ओट्स शिजत लावले. ताई म्हणाली, घट्ट कर, मागच्या वेळी पातळ केलं होतंस.